दिवा आणि मोटर : ऊर्जेचा अभाव व आर्थिक विकास या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

लखनौच्या दक्षिणेस कानपूरच्या रस्त्यावर आलमबाग नावाची जी दाट वस्ती आहे ती मराठी वाचकास ठाऊक असलीच तर सत्तावन्नच्या इतिहासामुळे असेल. नवाब वाजिद अली शाहाच्या काळात बेगमेसाठी उठविलेल्या बागेच्या या जागेवर १८५७ साली इंग्रजी फौजेने ठाणे दिले आणि त्याच वर्षी मृत्यू पावलेल्या जनरल हॅवलॉकची कबर आजही येथेच आहे. पुढे रेल्वे आली, तिचे डबे दुरुस्त करणारा मोठा कारखाना आला, त्याच्या सावलीला लेथ, वेल्डिंग, मोटर-रिवाइंडिंग, सुतारकाम, शिवणकाम यांची लहान लहान दुकाने गल्लोगल्ली थाटली गेली, आणि २०१७ पासून या साऱ्यांच्या डोक्यावरून विजेवर चालणारी मेट्रो धावू लागली. ऊर्जेच्या अभावाचा विकसनशील देशांच्या अर्थजीवनावर काय परिणाम होतो, या प्रश्नाची आजवरची चर्चा कोठवर आली आहे हे पाहण्याचे काम मजकडे आले तेव्हा ते याच वस्तीतून सुरू करावे असे वाटले. कारण येथे अभाव आणि उपलब्धता एकाच भिंतीच्या दोन अंगांना नांदताना रोज दिसतात.

या गल्ल्यांतील एका लेथवाल्याच्या दुकानी बसलो असता पाहिलेला एक प्रसंग आरंभीच नमूद करतो. मे महिन्याची दुपार होती. यंत्रावर पोलादी दांडा चढविलेला होता, हत्याराचे टोक त्याच्या अंगाला लागून निळसर कीस वळत वळत खाली पडत होता, आणि एकाएकी पट्ट्याचा आवाज मंदावत जाऊन सारे थांबले. कारागिराने हत्यार मागे घेतले, दांड्यावर उमटलेल्या बारीक कड्यावरून अंगठ्याचे नख फिरविले, आणि काही न बोलता तो दांडा उतरवून बाजूच्या ढिगात टाकला. उजेडासाठी त्याच्यापाशी इन्व्हर्टर होता व तो क्षणात लागलाही. दुकानात दिवा होता, पंखा फिरत होता, परंतु तीन फेजची मोटर त्या इन्व्हर्टरवर चालण्याजोगी नव्हती. ‘लाइट केव्हा येईल?’ असे मी विचारले तेव्हा त्याने वर लागलेल्या दिव्याकडे पाहिले नाही. त्याने मोटरीकडे पाहिले.

आपण मराठीत ‘लाइट गेली’ म्हणतो, इकडे हिंदीतही ‘लाइट’च जाते, भरदुपारी पंप बंद पडला तरी शब्द तोच. भाषेने विजेला दिव्याचे नाव दिले आणि कारभारानेही बराच काळ तेच मानले. जनगणनेच्या प्रपत्रात कुटुंबाला विचारला जाणारा प्रश्न उजेडाचे मुख्य साधन कोणते एवढाच असे. वीज किती तास येते, तिच्यावर चक्की चालते की नाही, याला त्यात रकाना नव्हता. या विषयावरील पुष्कळसे मतभेद कोणी दिवा मोजला व कोणी मोटर मोजली यातून उपजले आहेत, असे माझे वाचनाअंती मत झाले आहे. ते वाचकाने तपासून घ्यावे म्हणून पुढील मांडणी क्रमाने करतो.

पूर्वपीठिका

आपल्याकडे वीज आली ती मोटरीसाठी. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईस जी वीज जाऊ लागली तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कापडगिरण्या. तत्कालीन संयुक्त प्रांतात १९३० च्या दशकात पाटबंधारे खात्याचे अभियंते विल्यम स्टॅम्प यांच्या योजनेनुसार गंगेच्या कालव्यावरील धबधब्यांतून वीज काढून तिच्यावर शेकडो सरकारी नलिकाकूप चालविण्यात आले. ही वीज गावात दिवा लागण्यापूर्वी शेतात पाणी घेऊन आली, ही गोष्ट पुढील वादात वारंवार विसरली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असता, ऑक्टोबर १९४३ मध्ये, युद्धोत्तर वीजधोरणाचा विचार करणाऱ्या समितीपुढे त्यांनी जी भूमिका मांडली तिचा रोख असाच होता. स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरणावाचून हिंदुस्थानच्या दारिद्र्यातून सुटका नाही, अशी ती संगती होती. आणि वीजपुरवठ्याची जबाबदारी सरकारने उचलावी काय, हा प्रश्न त्यांनी त्या संगतीतून उभा केला होता.

स्वातंत्र्याच्या वेळी देशाची स्थापित क्षमता १,३६२ मेगावॅट व दरडोई वार्षिक वापर सुमारे १६ युनिट होता. १९४८ च्या कायद्याने राज्यांची वीजमंडळे निर्माण व्हावयाची होती. उत्तर प्रदेशाचे मंडळ १९५९ साली आणि महाराष्ट्राचे १९६० साली अस्तित्वात आले. उत्तर प्रदेशाच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात रिहंद नदीवर ३०० मेगावॅटचा प्रकल्प झाला, सिंगरौलीच्या कोळशावर औष्णिक केंद्रे उभी राहिली, आणि ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली व राखेखाली गेल्या त्यांच्या वस्त्यांवरून तारा कित्येक वर्षे नुसत्याच पुढे गेल्या. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले तेव्हा प्रयोजन पंपांचे होते, कारण हरितक्रांतीला भूजल हवे होते. घरगुती दिव्याचा विचार योजनांत ठळकपणे आला तो त्यानंतर.

या काळात ‘विद्युतीकरण झालेले गाव’ या शब्दाचा अर्थ सरकारी दप्तरात कसा बदलत गेला हे पाहणे उद्बोधक आहे. १९९७ पर्यंत मौजाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली की गाव विद्युतीकृत ठरे. एका शेतातील एका पंपावर सबंध गावाचा दाखला निघे. १९९७ मध्ये वापर वस्तीच्या आत असला पाहिजे अशी अट आली, आणि २००४ मध्ये दलित वस्तीसह गावात रोहित्र व वाहिन्या, शाळा-दवाखान्यादी सार्वजनिक जागी जोडणी व किमान १० टक्के घरांत वीज, अशी व्याख्या कायम झाली. याच व्याख्येनुसार २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेइसांग हे शेवटचे गाव जोडले गेल्याचे जाहीर झाले. १० टक्के घरे ही पायरी ध्यानात घेतली म्हणजे गावांची संख्या पूर्ण होऊनही घरे अंधारात कशी राहतात याचा उलगडा होतो, आणि म्हणूनच २०१७ च्या सप्टेंबरात घरोघरच्या जोडणीसाठी ‘सौभाग्य’ ही स्वतंत्र योजना काढावी लागली.

अंतर किती होते हे जनगणनेतून दिसते. २००१ साली उत्तर प्रदेशातील ३१.९ टक्के कुटुंबांत उजेडाचे मुख्य साधन वीज होते. दहा वर्षांनी, २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना मध्ये येऊन गेल्यावरही, तो आकडा ३६.८ वरच पोहोचला, आणि नुसता ग्रामीण भाग घेतला तर २३.८ वर. त्याच वर्षी महाराष्ट्र ८३.९ टक्क्यांवर होता आणि बिहार १६.४ वर. पुढील दहा वर्षांत मात्र चित्र झपाट्याने पालटले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ९६.८ टक्के लोकसंख्या वीज असलेल्या घरांत राहत असल्याचे आढळले. जगाचा हिशेब घेता २०२१ साली सुमारे ६७ कोटी ५० लाख माणसे विजेवाचून होती व त्यांतील बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होती. म्हणजे जोडणीचा प्रश्न आज प्रामुख्याने आफ्रिकेचा झाला आहे. आपल्या वाट्यास जो उरला तो जोडणीनंतरचा.

वीज आधी, विकास मागाहून

पहिली भूमिका सर्वांत जुनी आणि सहज पटणारी आहे. श्रीमंत देश अधिक ऊर्जा वापरतात, गरीब देश कमी. तेव्हा ऊर्जा मिळाली की उत्पादन वाढेल. या युक्तिवादातील अडचण अर्थशास्त्रज्ञांना लवकरच जाणवली. अमेरिकेच्या १९४७ ते १९७४ च्या आकडेवारीवरून क्राफ्ट व क्राफ्ट यांनी १९७८ साली दाखविले की कार्यकारणाचा प्रवाह उत्पन्नाकडून ऊर्जेकडे जातो. म्हणजे आधी सुबत्ता आणि मग वापर. त्यानंतर देशोदेशीच्या आकड्यांवर शेकडो निबंध लिहिले गेले आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांना छेद देत राहिले. मूळ अडचण अशी की तारा ओढणारा अधिकारी त्या डोळे मिटून ओढीत नाही. जेथे मागणी आहे, जेथे आमदाराचे वजन आहे, जेथे सडक आधीच पोहोचली आहे तेथे वीज प्रथम जाते, आणि मग त्या गावाच्या भरभराटीचे श्रेय विजेला द्यावे की सडकेला की आमदाराला हे सांगता येत नाही.

या गाठीतून सुटण्याचे मार्ग कल्पकतेने शोधले गेले. हुआन पाब्लो रुद यांनी भारतीय राज्यांच्या अभ्यासात भूजलाच्या उपलब्धतेचा आधार घेतला; जेथे पाणी जवळ होते तेथे हरितक्रांतीच्या काळात पंपांसाठी वीज गेली, आणि त्या विजेच्या मागोमाग कारखानदारीचे उत्पादन वाढल्याचे त्यांस आढळले. टॅरिन डिंकलमन यांनी दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात जमिनीच्या उताराचा आधार घेतला, कारण सपाट जागी तार ओढणे स्वस्त पडते. तेथे वीज आलेल्या वस्त्यांत स्त्रियांचा रोजगार ९ टक्के अंकांहून थोडा अधिक वाढला, आणि याचे कारण त्यांनी सरपणावरील स्वयंपाकात जाणारा वेळ वाचणे हे दिले. ब्राझीलच्या १९६० ते २००० या चाळीस वर्षांच्या अभ्यासात लिप्सकॉम्ब, मुबारक व बर्हम यांना जलविद्युतीमुळे मानवी विकासाच्या निर्देशांकात व घरांच्या किमतीत भरीव वाढ दिसली. या तिन्ही अभ्यासांत काळ लांबचा आहे किंवा वीज भरपूर आहे.

उत्तर प्रदेशाचा पूर्व-पश्चिम भेद या भूमिकेच्या बाजूने नेहमी मांडला जातो आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. पश्चिमेकडील जिल्ह्यांत विजेचे नलिकाकूप दोन पिढ्या आधी आले; पूर्वेकडे भूजल तितकेच उथळ व मुबलक असूनही शेतकरी डिझेलच्या इंजिनावर अवलंबून राहिला. तुषार शाह यांनी गंगेच्या खोऱ्यातील या डिझेल-अर्थव्यवस्थेचे जे वर्णन केले आहे त्यात पायाखाली पाणी असून ते वर काढण्याच्या ऊर्जेअभावी माणूस कोरडा राहतो. ज्याच्यापाशी स्वतःचे इंजिन नाही तो शेजाऱ्याकडून तासाच्या भाड्याने पाणी घेतो, डिझेलचा भाव चढला की भाडे चढते, आणि गव्हाची एक पाळी चुकते. जमीन, हवामान व भाषा जवळपास सारखी असता दोन भागांच्या शेतीत जी दरी पडली तिची कारणे अनेक आहेत, जमीनधारणेचा इतिहास त्यांत मोठा आहे. परंतु ऊर्जेची किंमत हे त्यांतील एक कारण आहे हे नाकारणारा अभ्यासक मला आढळला नाही.

तारेच्या मागे काय येते

दुसरी भूमिका गेल्या पंधरा वर्षांत पुढे आली आणि तिने पहिलीच्या समर्थकांना पुष्कळ अस्वस्थ केले. तिचे म्हणणे विजेने काहीच होत नाही असे नाही. गरीब कुटुंबापर्यंत नेलेल्या जोडणीचा आर्थिक परिणाम आपण गृहीत धरतो त्याहून फार लहान असतो, एवढेच तिचे म्हणणे आहे, आणि ते प्रयोगांवर उभे आहे.

केनियाच्या पश्चिम भागातील १५० वस्त्यांत केनेथ ली, एडवर्ड मिगेल व कॅथरिन वोल्फ्राम यांनी कुटुंबांना जोडणीच्या खर्चात वेगवेगळी सवलत देऊन पाहिली. पूर्ण दर भरण्यास जवळजवळ कोणी तयार झाले नाही, आणि ज्यांस फुकट जोडणी मिळाली त्यांच्या उत्पन्नात वा मुलांच्या शिक्षणात पुढील काळात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. भारतात फियोना बर्लिग व लुई प्रिओनस यांनी २००५ च्या योजनेचीच एक अट उपयोगात आणली. तीनशेहून कमी लोकवस्तीच्या वाड्या आरंभी त्या योजनेस पात्र नव्हत्या. तेव्हा तीनशेच्या किंचित वरची व किंचित खालची गावे यांची तुलना केली असता, वर असलेल्या गावांत वीज वाढली हे उपग्रहाच्या रात्रीच्या छायाचित्रांतही दिसले, पण रोजगार, मालमत्ता, शाळा यांत बदल क्षुल्लक निघाला. त्यांच्याच पुढील विवेचनात मात्र सुमारे दोन हजार वस्तीच्या मोठ्या गावांत लाभ खर्चाहून अधिक असल्याचे आढळते. ही दुरुस्ती चर्चेत क्वचित उद्धृत होते आणि ती महत्त्वाची आहे.

आमच्या दृष्टीने अगदी दारातला प्रयोग लखनौला लागून असलेल्या बाराबंकी जिल्ह्यातला. मायकेल अकलिन, पॅट्रिक बायर, एस. पी. हरीश व योहानेस उर्पेलायनेन यांनी तेथील १,२८१ ग्रामीण कुटुंबांचा जो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला त्यात निवडक वस्त्यांना सौर लघुजालाची सोय उपलब्ध करून दिली होती. महिना शंभर रुपयांत दोन एलईडी दिवे आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय. वर्षभरात विजेचे प्रमाण २९ ते ३६ टक्के अंकांनी वाढले, काळ्या बाजारातील रॉकेलावरचा खर्च महिन्याकाठी ४७ ते ४९ रुपयांनी घटला. परंतु बचत, एकूण खर्च, नवे धंदे, कामाचे तास, मुलांचे अभ्यासाचे तास, यांपैकी कशातही पद्धतशीर बदल मिळाला नाही.

हा निष्कर्ष अनेकांनी सौरऊर्जेच्या निरर्थकतेचा पुरावा म्हणून वापरला, आणि तसा तो वापरणे मला योग्य वाटत नाही. दोन दिवे आणि एक चार्जर यांवर कोणता धंदा निघावा? रॉकेलच्या ढिबरीच्या काजळीपासून सुटलेले घर ही स्वतःच एक प्राप्ती आहे, आणि महिन्याचे पन्नास रुपये त्या कुटुंबाला लहान नाहीत. पण त्यातून चक्की चालावी ही अपेक्षा प्रयोगात नव्हती, ती वाचणाऱ्यांनी त्यावर लादली. बिहारातील जहानाबाद जिल्ह्यात धरनई या गावी २०१४ साली सौर लघुजाल बसविले गेले तेव्हा गावकऱ्यांनी माजी मुख्यमंत्र्यांपुढे ‘असली बिजली’ मागितली ही गोष्ट त्या वेळी फार गाजली. असली आणि नकली हा भेद गावकऱ्यांनी केला तो ऊर्जेच्या उगमावरून केला नव्हता. जिच्यावर फ्रीज, टीव्ही व पंप चालतो ती असली, एवढा सरळ त्याचा अर्थ होता.

दुसऱ्या भूमिकेचे खरे बळ आहे ते पूरक गोष्टींच्या मुद्द्यात. वीज आली पण भांडवल नाही, बाजार दूर, रस्ता पावसाळ्यात बंद, शिकलेला हात शहरात गेलेला. मग मोटर बसवायची कोणी आणि तिचा माल विकायचा कोठे? या आक्षेपास पहिल्या पक्षाने समाधानकारक उत्तर अद्याप दिलेले नाही. उलट, दुसऱ्या पक्षाचा कमकुवतपणा काळात आहे. बहुतेक प्रयोग वर्ष-दोन वर्षांचे, फार तर पाच-सात वर्षांचे. ब्राझीलचा परिणाम दिसण्यास दशके लागली होती.

अभावाचा जमाखर्च

या दोन पक्षांच्या वादात जी तिसरी वाट निघाली ती जोडणीपेक्षा पुरवठ्याकडे पाहते. जागतिक बँकेच्या ऊर्जाविभागाने २०१५ मध्ये मांडलेली बहुस्तरीय मोजणी याच विचारातून आली. वीज आहे की नाही असा एकच प्रश्न न विचारता किती तास, संध्याकाळी किती, दाब पुरेसा काय, किती वेळा जाते, असे विचारून कुटुंबाची पायरी ठरवावी असे तीत म्हटले आहे. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जागटाने तर घराघरांत छोटी नोंदणीयंत्रे बसवून मिनिटामिनिटाचा पुरवठा टिपला आणि तो सर्वांस पाहण्यास खुला केला. वेळापत्रकातील तास आणि घरातील तास यांतला फरक त्यामुळे प्रथमच कागदावर आला.

आलमबागेच्या बाजारातून चालत गेले असता हा फरक नाकाला व कानाला कळतो. वीज गेली की आधी क्षणभर शांतता पडते, मग एकेका दुकानातून इन्व्हर्टरची शीळ, मग शटरबाहेर साखळीने बांधलेल्या जनरेटरची धडधड व धूर. शिंप्यापाशी लहानशी बॅटरी, मिठाईवाल्यापाशी मोठी, दवाखान्यापाशी डिझेलचे यंत्र. प्रत्येकाने आपल्या ऐपतीचे वीजघर दारात मांडले आहे. बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी किराणा दुकानात खाद्यतेलाशेजारी मिळते. हा सारा खर्च राष्ट्रीय उत्पन्नात विक्री म्हणून जमेस धरला जातो; त्या दुकानदाराच्या वहीत मात्र तो नुसता नावे पडतो, कारण त्यातून नवे काही निर्माण झालेले नसते, गमावलेले तेवढे परत मिळविलेले असते. रॉकेल जाळणाऱ्या खेडूताचा हिशेब याहून वेगळा नाही. अभाव फुकट नसतो, आणि जो जितका लहान त्याला तो दर युनिटामागे तितका महाग पडतो.

याची मोजदाद हंट ऑलकॉट, ॲलन कॉलर्ड-वेक्सलर व स्टीफन ओकॉनेल यांनी २०१६ साली केली. भारतीय कारखान्यांच्या पाहणीवरून त्यांनी असे अनुमान काढले की विजेच्या तुटवड्यामुळे सरासरी कारखान्याचे उत्पन्न ५ ते १० टक्क्यांनी घटते. उत्पादकतेची हानी त्याहून कमी असते, कारण कच्चा माल थांबवून ठेवता येतो. पण जनरेटर मोठा घेतला तरच परवडतो, म्हणून लहान कारखाने सर्वाधिक भरडले जातात. लेथवाल्याच्या ढिगात पडलेला तो दांडा या आकड्यात कोठेतरी समाविष्ट आहे असे मला वाटते, जरी त्याचे दुकान त्या पाहणीत येण्याइतके मोठे नसले तरी. न घडलेल्या कामाची मोजणी तर त्याहून अवघड. तो मला म्हणाला की उन्हाळ्यात दुपारी लांब जॉब चढवायचाच नाही असे त्याने ठरविले आहे. म्हणजे जे गिऱ्हाईक परत गेले ते कोणत्याही तक्त्यात नाही. जुलै २०१२ च्या ३० व ३१ तारखांना उत्तरेचे जाल कोसळून दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात वीज गेली त्याची नोंद जगाने घेतली. रोजच्या अर्ध्या तासांची बेरीज त्याहून मोठी असण्याचा संभव आहे.

महाराष्ट्राचा दाखला

जोडणीत पुढे असलेल्या महाराष्ट्राने २००५ नंतरच्या वर्षांत भारनियमनाचे दीर्घ तास भोगले, आणि त्या काळातील दोन प्रयोग या चर्चेस उपयोगी आहेत. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी आपले स्वतःचे जनरेटर गर्दीच्या वेळी चालवून जालावरचा भार हलका केला व त्याचा जादा खर्च शहरातील ग्राहकांनी वाटून घेतला. त्यामुळे भरवशाच्या विजेसाठी अधिक दर देण्यास नागरी ग्राहक राजी असतो हे दिसले, आणि ज्यास ते परवडत नाही त्या खेड्याने काय करावे हा प्रश्नही त्याबरोबर उभा राहिला. दुसरा प्रयोग गावठाण फीडर वेगळा करण्याचा. गुजरातेत २००३ पासून ज्योतिग्राम योजनेने जे केले त्याच धर्तीवर घरांची वाहिनी व पंपांची वाहिनी निराळी झाली; घरात दिवा राहिला आणि शेतात तीन फेज ठराविक तास, पुष्कळदा मध्यरात्री, येऊ लागली. दिवा आणि मोटर यांची ताटातूट येथे अक्षरशः तारेवर झाली. ती योग्य की अयोग्य यावर मते आहेत. भूजल वाचले, घरचा पुरवठा सुधारला हे एका बाजूस, आणि बॅटरी हाती घेऊन रात्री दोन वाजता सापाकिरड्यांतून बांध फोडण्यास जाणारा शेतकरी दुसऱ्या बाजूस. दिवसा शेतीस वीज मिळावी म्हणून २०१७ पासून जी सौर कृषी वाहिनी योजना आली ती या दुसऱ्या बाजूच्या तक्रारीतून आली.

पुरवणाऱ्याची बाजू

पुरवठा तुटतो का, याविषयीही दोन प्रामाणिक मते आहेत. रॉबिन बर्जेस, मायकेल ग्रीनस्टोन, निकोलस रायन व अनंत सुदर्शन यांनी २०२० मध्ये असे प्रतिपादन केले की वीज हा हक्क मानला गेल्यामुळे थकबाकी व चोरी सहन केली जाते, त्यामुळे वितरण कंपनी तोट्यात जाते, तोटा मर्यादित ठेवण्यासाठी ती तासच कमी देते, आणि तास कमी म्हणून ग्राहक बिल भरत नाही. हे चक्र तोडण्यास वसुली आधी हवी. इकडे ज्याला कटिया म्हणतात व आपण आकडा म्हणतो त्यावर कानपुरात २०१३ साली ‘कटियाबाज’ हा अनुबोधपट निघाला. त्यात आकडा टाकणारा व वसुली करणारी अधिकारी या दोघांची बाजू दिसते. ब्रायन मिन व मिरियम गोल्डन यांनी तर उत्तर प्रदेशाच्या चार दशकांच्या नोंदींवरून वाहिन्यांवरील गळती निवडणुकांच्या सुमारास वाढते असे दाखविले. दुसरे मत असे की वसुलीआधी पुरवठा सुधारला पाहिजे. अनियमित विजेचे बिल, तेही कित्येक महिन्यांनी एकदम आलेले, गरिबाने कोणत्या पैशांतून भरावे? २००० साली उत्तर प्रदेशाचे मंडळ तीन संस्थांत विभागले गेले, पुढे वितरणाच्या प्रादेशिक कंपन्या झाल्या, २०१६ मध्ये राज्य वितरण कंपन्यांचा कर्जभार हलका करण्याच्या ‘उदय’ योजनेत सामील झाले. तरी आधी काय, या वादाचा निकाल लागलेला नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, आणि पहिली बाजू मांडणाऱ्यांनी बिलाच्या वेळापत्रकाकडे अधिक लक्ष द्यावे असे वाटते.

चूल

ऊर्जेचा अभाव म्हणजे केवळ विजेचा अभाव नव्हे. घराघरांतील अधिकतर ऊर्जा चुलीत जाते. १ मे २०१६ रोजी याच राज्यातील बलिया येथून स्वयंपाकाच्या गॅसजोडणीच्या उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, आणि २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करताना आढळली. येथेही जोडणी व वापर यांत तेच अंतर आहे. सिलिंडर घरात आहे, पण पुन्हा भरण्याचा खर्च नको म्हणून रोजचा स्वयंपाक गोवऱ्यांवर होतो. डिंकलमन यांच्या अभ्यासात स्त्रियांचा वेळ हा दुवा मध्यवर्ती होता. चुलीचा प्रश्न अर्थविकासाच्या चर्चेत आरोग्याच्या सदराखाली सरकविला जातो, यामुळे तो दुवा सुटतो.

अनिर्णित राहिलेले

आज या क्षेत्रात सर्वसाधारण एकमत दिसते ते इतकेच, की ऊर्जेचा अभाव विकासाला अडवितो, पण ऊर्जेची नुसती उपलब्धता विकास घडविण्यास पुरत नाही. यापलीकडे तीन गोष्टी उघड्या आहेत. परिणाम दिसण्यास किती काळ द्यावा याला उत्तर नाही. २०१७ नंतर जोडली गेलेली कोट्यवधी घरे त्या काळाच्या मध्यावर आहेत. लहान वाडीत मोटरजोगी वीज नेणे खर्चाच्या हिशेबात बसत नसेल, तर ती न नेता माणसांनी मोठ्या गावी यावे असे म्हणावयाचे काय, यावर अर्थशास्त्र एक उत्तर देते व राज्यघटनेच्या भाषेत विचार करणारे दुसरे देतात. आणि उत्तर प्रदेशात २०१७ मध्ये जाहीर झालेले जिल्हास्थानी २४, तहसिलीस २० व खेड्यास १८ तास हे प्रमाण पुरवठ्याच्या न्याय्य वाटपाचे आहे की केवळ चालत आलेल्या रोस्टरचे, याचीही मीमांसा व्हावयाची आहे.

या गणितात एक नवा घटक गेल्या काही वर्षांत आलमबागेच्या रस्त्यावर आला आहे. बसस्थानकाबाहेर ई-रिक्षांची रांग असते; तिच्यातील चालकाचे सारे उत्पन्न रात्री बॅटऱ्यांत किती वीज शिरली यावर असते. दिव्यासाठी घेतलेल्या घरगुती जोडणीवर तो मोटर चालवितो, किंवा गॅरेजवाल्याला रात्रीचे भाडे देऊन तेथे गाडी लावतो. रात्री दोन तास वीज गेली तर दुसऱ्या दिवशी तो चारबाग रेल्वे स्थानकाच्या चार खेपा कमी करतो आणि दुपारी तीन वाजताच गाडी ढकलत घराकडे वळतो.